हालेफोमचे हात

आमच्या गावात माणसाची भीती त्याच्या तोंडावर कुणी शोधत नाही. तोंड काय, कुणीही हसरं ठेवतं. भीती शोधायची ती पायात, आणि पायातली भीती हाताने ओळखणारा आमच्याकडे एकच माणूस होता, हालेफोम. घोटा नुसता मुठीत धरला की तो सांगे, हा वर जाईल, ही जाईल पण रडेल, आणि याला आत्ताच उतरवा, पुढे जड जाईल. बावीस वर्षांत त्याचा अंदाज फार तर दोनदा चुकला असेल, आणि त्याचंही श्रेय तो सुवाच्या घागरीला देत असे. घरची जवाची दारू आमच्याकडे बऱ्याच चुकांना पुरते.

अब्बा सेमरूचं चर्च कड्याच्या पोटात कोरलेलं आहे. रानऑलिव्हच्या झाडापर्यंत पायवाट आहे, तिथवर बकऱ्यासुद्धा येतात. पुढे तीस हात उभा दगड आणि त्यात चौदा खोबण्या. त्या चढून गेलं की दगडाची अरुंद पट्टी, तिच्या डाव्या अंगाला खाली शेतं हातरुमालाएवढी दिसतात, आणि पट्टी संपली की दार. मुलगा चाळिसाव्या दिवशी आणि मुलगी ऐंशीव्या दिवशी आईने पाठीवर बांधून वर न्यायची, तिथे पाण्यात बुडवून नाव ठेवायचं. आम्ही सगळे असेच वर गेलो आणि नाव घेऊन खाली आलो. सपाटीवर दुसरं चर्च बांधू या, म्हणून तीनदा सभा भरली. तिन्ही वेळा लोक कॉफीच्या तीन फेऱ्या पिऊन घरी गेले.

चढणाऱ्याला खोबणी दिसत नाही, कारण त्याचं नाक दगडाला टेकलेलं असतं. म्हणून त्याच्या पाठोपाठ खालून एक माणूस चढतो. एका हाताने त्याने स्वतःला धरायचं आणि दुसऱ्या हाताने वरच्याचा घोटा पकडून पाऊल खोबणीत बसवायचं. पट्टीवर दुसरा एक जण ओढून घ्यायला बसलेला असतो. वरचा माणूस गुएश, तिशीचा, अंगाने सडसडीत आणि जिभेने त्याहून सडसडीत. खालचा माणूस हालेफोम. खालच्याचा मान मोठा. गुएश चिडवायचा, "काका, तुमचं काय, बायकांचे पाय धरायचे आणि वर पैसे घ्यायचे." हालेफोम म्हणायचा, "तुझ्या सासूचा पाय धर एकदा, मग बोल."

धैर्य कुणाला मिळतं आणि कुणाला मिळत नाही, यावर हालेफोमचं एक ठाम मत होतं: त्यात माणसाची काही कर्तबगारी नाही. तो हे उगाच म्हणत नव्हता. एकदा एक धिप्पाड फिरंगी आला होता, कमरेला कड्या, दोर, डोक्यावर लाल टोप. बर्फाचे डोंगर चढून आलोय म्हणत होता. तिसऱ्या खोबणीला त्याने दगडाला अशी मिठी मारली की त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. त्याच्याच मागून त्याची आई आली, सत्तरीची, गुडघ्याला पट्टी बांधलेली. तिने चपला काढल्या, शबनम गळ्यात मागे टाकली आणि वर जाऊन केशींचं, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचं, बोट धरून चित्रं बघत बसली. आता यात त्या बिचाऱ्या मुलाचा काय दोष? आणि म्हातारीचं तरी काय कौतुक? हालेफोम म्हणे, कुणाचे केस कुरळे असतात, कुणाचे सरळ असतात, तसंच हे.

गावातही तसंच. त्याची बायको मेधिन पाठीवर सुवाची घागर बांधून चढायची आणि चौदाही खोबण्यांत तिचं बोलणं थांबायचं नाही. उलट म्रुत्स. ज्या म्रुत्सने साठ हात खोल विहिरीत उतरून एकट्याने सुरुंग लावले, तो म्रुत्स पस्तिसाव्या वर्षी एका रविवारी सातव्या खोबणीवर थांबला आणि उतरला. आमच्याकडे त्याला विचारायची पद्धत नाही. वर जाणारा झाडाखाली जोडे काढतो. जो काढत नाही तो जात नाही, झालं. त्या दिवसापासून म्रुत्स पायात जोडे ठेवून झाडाखाली बसतो आणि बाकीच्यांचे राखतो. लोक उतरायच्या आत तो सगळे जोडे फिरवून, टाचा कड्याकडे करून ठेवतो, म्हणजे उतरल्यावर सरळ पाय घालता यावेत. तीस वर्षं झाली. या काळात त्याने आपल्या दोन मुलींची लग्नं खालून ऐकली. जो एकदा जोड्यांपाशी बसला तो पुन्हा वर गेला असं आमच्या आठवणीत एकदाही घडलेलं नाही.

हालेफोमला एकच मुलगी, तिर्हास. सात वर्षांची असताना त्याने तिला पहिल्यांदा तिच्याच पायांनी वर नेलं. तो घोटा हातात आला तेव्हा त्याला हसूच आलं. पाऊल गरम, सैल, झोपलेल्या बाळाचं असावं तसं. पोरगी दगडावर नव्हतीच जणू, अंथरुणावर होती. पुढे ती चढायची तेव्हा तिला खालच्या माणसाची गरजही नसे, पण हालेफोम पाठोपाठ जायचाच. त्याला तिचा गर्व होता आणि तो लपवायची त्याला कधी गरज वाटली नाही. सुवा चढली की तो म्हणायचा, "या डोंगरात दोनच पाय आहेत. एक माझ्या पोरीचा उजवा, एक डावा."

हिदार महिन्यात, पावसानंतर हवा कोरडी झाली तेव्हा, एका सकाळी एका फिरंगी बाईचं पाऊल चौथ्या खोबणीत ठेवत असताना हालेफोमचा डावा गुडघा थरथरायला लागला. शिंप्याच्या मशीनसारखा, खटखट. त्याला वाटलं थकवा असेल. तो थांबला, श्वास घेतला, बाईला वर पोचवलं. उतरताना उजवाही थरथरला.

पडला असता, कुणाला पडताना पाहिलं असतं, ताप आला असता, तर निदान एक कारण तरी मिळालं असतं. काहीच झालं नव्हतं. अठ्ठेचाळीस वर्षांचा, अंगात बळ असलेला माणूस, काल जो दगड त्याच्या घरचा होता तो आज परका झाला, इतकंच. रात्रीत कुणी येऊन काढून नेल्यासारखं त्याचं धैर्य गेलं. ते आपण कमावलं नव्हतं हे तो आयुष्यभर सांगत आला होता. पण ते जाऊही शकतं, हे त्याने धरलं नव्हतं.

त्याने पाठीचं निमित्त केलं. कमरेला फडकं गुंडाळून हिंडायला लागला. पाहुणे आले की म्हणे, "गुएश, आज तू खाली राहा, मला वाकवत नाहीये." मग स्वतः वर जायचं टाळायला आणखी एक निमित्त. रविवारी पोटात दुखायचं. मेधिन म्हणाली, "तुझं दुखणं मोठं धर्मभोळं आहे, बरोबर प्रार्थनेच्या दिवशी येतं." पण तीही हसून कामाला लागली. बावीस वर्षं ज्याने गावाचे पाय धरले त्याच्याबद्दल तसला संशय कुणाला यावा?

दोनदा तो एकटाच पहाटे धुक्यात गेला. दोन्ही वेळा तिसऱ्या खोबणीपर्यंत. तिथे त्याने दगडाला मिठी मारली, अगदी त्या लाल टोपवाल्यासारखी, आणि आपली बोटं आपणच सोडवत खाली आला. दुसऱ्या वेळी खाली म्रुत्स बसलेला होता, फडक्यातले भाजलेले जव चघळत.

"लवकर आलास," हालेफोम म्हणाला.

"मी रोजच येतो. तूच उशिरा यायचास." म्रुत्सने मूठभर जव पुढे केले. "पाठ कशी आहे?"

"आहे. मधूनच चमकते."

"हां. माझीही पाठच होती."

हालेफोमने जव घेतले नाहीत. म्रुत्स थोडा सरकला. "इकडे दुपारीसुद्धा सावली राहते," तो म्हणाला. "एकट्याला जरा जास्तच आहे."

"पाठ आहे रे माझी," हालेफोम ओरडला आणि कमरेचं फडकं आवळत निघून गेला. म्रुत्सने वाईट वाटून घेतलं नाही. तोही सहा महिने असाच ओरडला होता.

आणि नेमकी याच दिवसांत तिर्हास बाळंत झाली. मुलगी. जावई मेकेले शहरात बांधकामावर, त्याला सुटी नाही. ऐंशीवा दिवस येकातितमध्ये, हिदारनंतरच्या तिसऱ्या महिन्यात, येत होता. मेधिनने हिंबाशाच्या भाकरीसाठी गहू निवडून ठेवले, धर्माची आई म्हणून शेजारची झाफू ठरली, आणि गावात सगळे एकच गोष्ट बोलत होते: तिर्हासच्या पाठीवर तिची मुलगी आणि तिर्हासच्या पायाखाली तिच्या बापाचे हात. कडाही खूश होईल म्हणे. लोकांना बोलायला काय जातं.

एका दुपारी कॉफी भाजता भाजता गुएशने सहज विषय काढला. "काका, पाठ नसेल बरी तर त्या दिवशी मी खाली राहतो. वर कुणीही बसेल."

हालेफोमने होय म्हणायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण त्याआधी तिर्हास म्हणाली, "छे, बाबाच पाहिजेत. दुसऱ्या कुणाचे हात असले तर मला चढताच यायचं नाही." आणि बाळाला दुसऱ्या मांडीवर घेत हसली.

"ऐकलंस?" हालेफोम गुएशला म्हणाला. "आला मोठा खाली राहणारा."

त्याने मनाशी ठरवलं, एकदाच. फक्त चौदा खोबण्या. नात वर गेली की पाठ म्हणून कायमची सुटी घ्यायची, मानाने. मग जोड्यांपाशी बसावं लागलं तरी लोक म्हणतील, पाठीने बसवला. आज इतक्या वर्षांनी ही गोष्ट सांगतानाही त्याचा राग येतो. आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं, हे कळून जास्त येतो.

त्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. केशी तेक्ले आधीच वर गेले होते, पाणी भरून झालं होतं. मेधिन पाठीवर भाकरी बांधून बोलत बोलत चढली, तिच्यामागून झाफू. गुएश पट्टीवर बसला. झाडाखाली तिर्हासने जोडे काढले. अंगावरच्या पांढऱ्या ओढणीने, नेत्सेलाने, बाळ पाठीशी घट्ट बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली. मग हालेफोमने आपले जोडे काढले. म्रुत्स त्या जोड्यांकडे बघत राहिला, पण त्याने त्यांना हात लावला नाही.

पहिली खोबणी. हालेफोमच्या हातात तेच पाऊल आलं, गरम आणि सैल. दुसरी खोबणी. त्याला वाटलं, होईल, आज होईल. तिसरीवर त्याचा डावा गुडघा सुरू झाला. त्याने गुडघा दगडावर दाबून धरला, तर थरथर मांडीत गेली, मांडीतून पोटात, पोटातून खांद्यात. चौथ्या खोबणीत तिचं पाऊल बसवताना त्याच्या हाताची बोटं तिच्या घोट्यावर वाजत होती.

"बाबा," वरून तिर्हासने विचारलं, "थंडी वाजतेय का?"

"हो," हालेफोम म्हणाला. ऊन त्याच्या पाठीवर होतं.

पाचव्या खोबणीशी त्याने पाऊल बोटभर बाहेर टेकवलं. टाच कडेवरून घसरली. तिर्हासने पाय झटकन मागे घेतला, स्वतःच चाचपून खोबणी शोधली आणि उभी राहिली. काही बिघडलं नव्हतं. बाळ तर झोपलेलंच होतं. पण हालेफोमने पुन्हा घोटा धरला तेव्हा तो गार होता आणि बोटं आत वळून दगडाला घट्ट आवळलेली होती. हे पाऊल त्याने हजारदा धरलं होतं लोकांचं. तिचं कधीच नाही. आणि त्यातली भीती कुठून आली हेही त्याला तिथेच, त्याच क्षणी कळलं. बावीस वर्षं तो हाताने पाय ओळखत होता. पायालाही हात कळतो, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"तिर्हास, चल. उजवा उचल."

ती हलली नाही.

"उजवा, पोरी."

"येत नाहीये," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "बाबा, मला उचलता येत नाहीये. माझ्या पाठीवर ती आहे."

वरून गुएशने पाहिलं आणि काय ते ओळखलं. तो बडबड करत उतरला, "अगं सातवीला मधमाशी बसलीये की काय, थांब, आलो," असलं काहीतरी, आणि कुशीने सरकत तिच्या शेजारी आला. "काका, तुम्ही खाली व्हा आधी," तो म्हणाला, आणि या वेळी त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. हालेफोम कसाबसा उतरला. शेवटच्या खोबणीला म्रुत्सने त्याचा घोटा धरून पाऊल जमिनीवर ठेवलं. मग गुएश तिच्या पायांखाली सरकला आणि त्याने तिर्हासला एकेक पाऊल खाली आणलं. बारा हात उंची, पण तेवढ्याला बराच वेळ गेला. वर पट्टीवरून बायका वाकून बघत होत्या.

मग मेधिनच खाली आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच तिला काही बोलायला सुचलं नाही. पाणी भरलेलं होतं, केशी थांबले होते, ऐंशीवा दिवस एकच असतो. तिर्हासने स्वतःच्या हाताने गाठ सोडली आणि बाळ आईच्या पाठीवर बांधलं. "घेऊन जा," ती म्हणाली. मेधिन चढली. तिच्या मागून गुएश चढला, खालचा माणूस म्हणून.

झाडाखाली तिघं राहिले. म्रुत्स शहाणा माणूस, तो जोड्यांकडे तोंड करून बसला.

"कधीपासून?" तिर्हासने विचारलं.

"हिदारपासून."

"आईला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

रागाने बोलली असती तर हालेफोमला बरं वाटलं असतं. "सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर गुएश खाली राहिला असता. तो म्हणाला होता, बाबा. त्या दिवशी कॉफीला. एवढंच तर करायचं होतं."

"तू म्हणालीस, बाबाच पाहिजेत."

"मला काय माहीत होतं?"

लोकांचं भय हालेफोमने बोटांनी मोजलं आणि कुणाला कधी हसला नाही, म्रुत्सलासुद्धा नाही. मग स्वतःचं सांगायला त्याला कसली लाज वाटली? दुसऱ्याला त्याने जी माफी सहज दिली ती स्वतःला देता आली नाही, आणि त्याचे पैसे पोरीने भरले.

वर ढोल वाजला. बायकांनी जिभा लोळवून आनंदाचा आवाज काढला, तो कड्यावर आपटून दोनदा ऐकू आला. म्हणजे बाळाला पाण्यात बुडवलं होतं. नाव काय ठेवलं ते केशींनी मोठ्याने उच्चारलं असणार, पण वारा पट्टीवरून पलीकडे वाहत होता, खाली काही कळलं नाही. मग बाळ रडायला लागलं. पाण्याचं रडणं लवकर थांबतं. हे थांबेना. भुकेचं होतं.

तिर्हास उठली. तिच्या झग्याच्या छातीवर दोन ओले डाग पसरले होते. ती कड्यापाशी गेली, दोन्ही हात वरच्या खाचांत घातले आणि उजवं पाऊल पहिल्या खोबणीत ठेवलं. सात वर्षांची असल्यापासून जिथे ती न बघता पाय ठेवत आली होती, तीच खोबणी, जमिनीपासून गुडघाभर वर. डावं पाऊल जमिनीवरून सुटेना. तिने पाय काढला, पुन्हा ठेवला. वर बाळ ओरडत होतं. तिने तिसऱ्यांदा पाय ठेवला तेव्हा हालेफोम मागे जाऊन उभा राहिला होता, आणि बावीस वर्षांच्या सवयीने त्याचा हात आपोआप तिच्या घोट्याकडे गेला.

"हात नका लावू, बाबा," ती म्हणाली.

त्याने हात मागे घेतला. वरची मंडळी बाळाला घेऊन खाली येईपर्यंत ती तशीच उभी होती, एक पाय खोबणीत आणि एक जमिनीवर.